कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये सगळ्या प्रकारची माणसं यावीत आणि टिकावीत, यासाठी नेमकं काय करायचं

तुमच्या सेंटरने डायव्हर्सिटी आणि इन्क्लुजनचं काम तुमच्या गळ्यात घातलं असेल (ते बहुतेक असंच येतं, मीटिंगमध्ये जो गप्प बसलेला असतो त्याच्या नावावर पडतं), तर पहिल्या महिन्यात पोस्टर, शपथ, लोगो, वेबिनार यातलं काहीच करू नका. एचआरकडे जा आणि मागच्या पाच वर्षांत कोण कोण सोडून गेलं त्याची यादी मागा. कोण आलं त्याची नको, ती वार्षिक अहवालात रंगीत पानावर असतेच. गेलं कोण, कुठल्या टप्प्यावर गेलं, कुठल्या लॅबमधून गेलं, दुसऱ्या लॅबमध्ये गेलं की सायन्सच सोडलं, हे बघायचं. माणसं आणणं त्या मानाने सोपं आहे हो, टिकवणं अवघड आहे, आणि बहुतेक सेंटर्स सगळा पैसा सोप्या कामावर घालतात.

आधी मोजा, मग बोला

एमआयटीच्या कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये नॅन्सी हॉपकिन्स नावाच्या मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट होत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना झेब्राफिशवर काम करायला थोडी जास्त जागा हवी होती आणि ती काही मिळेना. मग बाईंनी सरळ मोजायची टेप घेतली आणि कोणाकडे किती लॅब आहे ते मोजत फिरल्या, आणि निघालं असं की बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांपेक्षा त्यांची जागा बरीच कमी आहे. त्यांनी बाकीच्या सिनियर प्राध्यापिकांशी बोलून बघितलं तर तिथेही जागा, पगार, कमिट्या सगळीकडे तीच कथा. त्यातून एक समिती बसली, १९९९ मध्ये रिपोर्ट बाहेर आला, आणि विशेष म्हणजे संस्थेने तो जाहीरपणे मान्य केला. आता त्या मोजायच्या आधीही 'मला कमी मिळतंय' असंच म्हणत असणार, पण आकडा हातात आल्यावर कोणाला उडवून लावता आलं नाही.

म्हणून तुम्हीही मोजा, आणि फक्त डोकी मोजू नका. 'आमच्याकडे निम्म्या बायका आहेत' हे वाक्य ऐकलं की लगेच विचारायचं, कुठल्या पायरीवर? विद्यार्थी, टेक्निशियन, पोस्टडॉक (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणारे), स्टाफ सायंटिस्ट, पीआय (लॅबचा प्रमुख शास्त्रज्ञ), विभागप्रमुख असं वेगवेगळं काढलं की चित्र एकदम बदलतं. बायॉलॉजीत खालच्या पायऱ्यांवर बायका भरपूर दिसतात आणि वर जाल तसतशा कमी होत जातात. हीच काढणी भाषा, वंश, जात, धर्म, अपंगत्व, घरातलं पहिलंच पदवीधर असणं यावरही करा, म्हणजे तुमच्या देशाच्या कायद्यात जेवढं विचारता येतं तेवढं. माहिती ऐच्छिक ठेवा, 'सांगायचं नाही' हा पर्याय ठेवा, आणि एखाद्या गटात दोन-तीनच माणसं असतील तर तो आकडा छापू नका, कारण मग कोण ते सगळ्यांना कळतं.

याच्या पुढची मोजणी एचआरकडे नसते, ती तुम्हालाच करावी लागते. लॅबची जागा कोणाला किती, नवीन पीआयला सुरुवातीचा पैसा किती दिला, कॉन्फॉकल मायक्रोस्कोपचे चांगले स्लॉट कोणाला मिळतात आणि रात्री अकराचे कोणाला, सिक्वेन्सिंगचा खर्च सेंटरच्या फंडातून कोणाचा मंजूर होतो, कॉन्फरन्सला कोण जातं, सेमिनारला बोलावलेले पाहुणे कोण. स्लॉट बुकिंगचं सॉफ्टवेअर असेल तर अर्ध्या दिवसात हा डेटा निघतो, कोणी काढत नाही इतकंच.

आणि हो, काहीही सुरू करायच्या आधी कायद्याच्या माणसाशी एकदा बसा. काही देशांत आरक्षण बंधनकारक आहे, काही देशांत निवड करताना गट बघणंच बेकायदा आहे. जाहिरात जास्त ठिकाणी पोचवणं, इंटरव्ह्यू नीट घेणं, लॅबमध्ये सोयी करणं हे मात्र बहुतेक ठिकाणी चालतं, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त काम तिथेच आहे.

डायरेक्टरला पटवायचं कसं

'समाजासाठी चांगलं आहे' असं म्हणाल तर मान डोलावतील आणि पुढचा विषय घेतील. त्यांना त्यांच्याच सायन्सवरून पटवा. मर्कॅप्टोप्युरिन हे ल्युकेमियाचं जुनं औषध, काही पेशंटना नेहमीचा डोस झेपत नाही, पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात. यासाठी टीपीएमटी हे जीन बघायची पद्धत आधीपासून होती, पण पूर्व आशियातल्या अनेक पेशंटमध्ये टीपीएमटी ठीक असूनही त्रास व्हायचा आणि कारण कळत नव्हतं. २०१४-१५ च्या सुमाराला तिथल्या पेशंटच्या अभ्यासातून एनयूडीटी१५ हे दुसरं जीन सापडलं. त्याचे ते बदल युरोपीय वंशाच्या लोकांत दुर्मीळ आहेत, म्हणून फक्त त्यांचेच नमुने बघत बसलो असतो तर ते नजरेला आलंच नसतं. स्तनांच्या आणि बीजाशयाच्या कॅन्सरचा आनुवंशिक धोका बघणाऱ्या बीआरसीए टेस्टचंही तसंच, ज्या समाजांचे नमुने डेटाबेसमध्ये कमी आहेत त्यांच्या रिपोर्टवर 'बदल आहे पण अर्थ माहीत नाही' हा शेरा जास्त वेळा येतो.

आता नमुने येतात कुठून, तर ट्रायलमधून (म्हणजे पेशंटवरच्या औषधचाचण्यांतून) आणि टिश्यू बँकेतून, आणि तिथे पेशंटशी बोलायला बसतो तो तुमचा स्टाफ. हेन्रिएटा लॅक्स यांच्या ट्यूमरच्या पेशी १९५१ मध्ये त्यांना न विचारता घेतल्या, त्या हेला पेशी आजही तुमच्या इन्क्युबेटरमध्ये असतील. अशा गोष्टी लोक विसरत नाहीत. संमतीचा फॉर्म आपल्या भाषेत, आपल्यासारखं बोलणाऱ्या माणसाने समजावला तर निदान प्रश्न तरी विचारले जातात. हार्लेममध्ये हॅरॉल्ड फ्रीमन या सर्जनने १९९० मध्ये पेशंट नॅव्हिगेशन सुरू केलं, म्हणजे पेशंटला तपासणीपासून उपचारापर्यंत हाताला धरून नेणारा माणूस द्यायचा, पुढे ही पद्धत इतर ठिकाणीही गेली. ट्रायल कोऑर्डिनेटर नेमताना हे डोक्यात ठेवा.

फक्त एक काळजी घ्या. एखाद्या समाजातून आलेली बाई स्ट्रक्चरल बायॉलॉजी करत असेल तर तिला 'तू तुमच्या लोकांशी बोल ना' म्हणून दर आठवड्याला आउटरीचला पाठवायचं नाही. ते तिचं काम नाहीये, तिला प्रोटीनचे क्रिस्टल करू द्या.

भरती

२०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, कोरीन मॉस-रॅक्युसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १२७ सायन्सच्या प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला, काहींना जॉन नावाने आणि काहींना जेनिफर नावाने, बाकी अक्षर न अक्षर तेच. जॉन जास्त लायक वाटला, आणि त्याला सरासरी ३०,२३८ डॉलर द्यायची तयारी होती, जेनिफरला २६,५०८. आणि हा फरक पुरुष प्राध्यापकांनी केला तसाच स्त्री प्राध्यापकांनीही केला, तेव्हा 'आमच्या पॅनलवर एक बाई आहे' एवढ्याने सुटका होत नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. अर्ज उघडायच्या आधी निकष लिहून काढायचे, म्हणजे या जागेला फ्लो सायटोमेट्री (पेशी मोजायची, वेगळ्या करायची पद्धत) यायलाच हवी का शिकवता येईल, पेपर किती हे बघायचं का त्या पेपरमध्ये याने नेमकं काय केलं हे बघायचं. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि मार्क प्रत्येकाने आपापले आधी लिहायचे, मग चर्चा. चर्चा आधी केली की विभागप्रमुखाचं मत तेच सगळ्यांचं मत होतं, हे तुम्हालाही माहीत आहे. छोटं काम करून दाखवायला सांगा, एखादा डेटासेट द्या, एखादं फसलेलं वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन ओळखायची चाचणी) दाखवा आणि विचारा की तू इथे काय केलं असतंस, त्यातून जेवढं कळतं तेवढं शिफारसपत्रातून कळत नाही. 'आपल्या ग्रुपमध्ये फिट होईल असं वाटत नाही' हे वाक्य पॅनलवर चालू देऊ नका, कुठल्या निकषावर कमी पडला ते सांगा म्हणावं.

नावं झाकून अर्ज बघायचा सल्ला सगळे देतात. टेक्निशियन आणि कोऑर्डिनेटरच्या जागांना तो ठीक आहे, पण पोस्टडॉक आणि वरच्या जागांना पेपरची यादी बघताक्षणी माणूस ओळखू येतो, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. त्यापेक्षा जर्नलचं नाव बघून मार्क देणं बंद करा, डोरा हा जाहीरनामा २०१२ च्या चर्चेतून आला तो याच कारणाने. मोठ्या लॅबमधून आलेल्याला मोठं जर्नल मिळायला सोपं जातं, छोट्या कॉलेजातून आलेल्याने त्याच मेहनतीत अर्धीच मजल मारलेली असते, कारण सुरुवात मागून होती. करिअरमध्ये गॅप असेल तर तोही नीट वाचा. जॅनेट राउली मुलं लहान असताना बरीच वर्षं पार्टटाइम काम करत होत्या, आणि १९७३ मध्ये क्रोमोसोम ९ आणि २२ च्या तुकड्यांची अदलाबदल त्यांनीच दाखवली, ज्याच्यावरून पुढे इमॅटिनिब या ल्युकेमियाच्या औषधापर्यंत गोष्ट गेली. गर्ट्रूड एलियन यांना पीएचडी करता आली नाही, वर उल्लेख आला ते मर्कॅप्टोप्युरिन त्यांच्याच कामातून आलं, १९८८ चं नोबेलही मिळालं. तुमच्या आजच्या शॉर्टलिस्टमध्ये या दोघी बसल्या असत्या का हे एकदा पॅनलला विचारून बघा, गंमत येते.

बिनपगारी इंटर्नशिप बंद करा. ज्याच्या घरी पैसा आहे तोच उन्हाळाभर फुकट काम करू शकतो, आणि पुढच्या सगळ्या निवडींमध्ये तो 'अनुभव' म्हणून मोजला जातो.

लॅबमध्ये पाय ठेवल्यावर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथला त्रास कोणी तक्रार म्हणून लिहून देत नाही, माणसं फक्त कंटाळून जातात.

साधी गोष्ट, ग्लोव्हज. मध्यम आणि मोठे भरपूर, एकदम छोट्या साइजचे सतत संपलेले. मग लहान हाताची मुलगी ढगळ ग्लोव्हज घालून सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध पिपेट करते, आणि कधीतरी सांडतं. लॅब कोट, गॉगल, रेस्पिरेटर सगळ्याचं तेच. हेड कव्हर, दाढी, हिजाब, पगडी यांच्यासकट कोणतं पीपीई (संरक्षक साहित्य) चालतं हे आधीच ठरवून लिहून ठेवा, ऐनवेळी ॲनिमल हाउसच्या (प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथल्या) दारात वाद नको. एक बेंच आणि एक फ्यूम हूड तरी उंची कमी-जास्त होणारा घ्या, व्हीलचेअरवरच्या माणसाला आयवॉश आणि इमर्जन्सी शॉवर गाठता येतो का ते स्वतः खुर्चीत बसून बघा. ऐकू न येणाऱ्यासाठी फायर अलार्मला चमकणारा दिवा हवा, आणि मायनस ८० फ्रीझरच्या अलार्मलाही, तो नेहमी विसरला जातो. सेमिनारला कॅप्शन चालू ठेवा, त्याचा फायदा ज्यांची सेमिनारची भाषा ही पहिली भाषा नाही त्या सगळ्यांना होतो.

मायक्रोस्कोपचे फोटो लाल-हिरव्या रंगात दाखवायची सवय मोडा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, बाकीकडे प्रमाण कमी असलं तरी असतंच. मॅजेंटा आणि हिरवा वापरा, एका क्लिकचं काम आहे.

गर्भवती सहकारी हा विषय बहुतेक लॅब ऐनवेळी आणि वाईट पद्धतीने हाताळतात. केमोची औषधं, रेडिओआयसोटोप, फॉर्मॅलिन, काही सॉल्व्हंट यांच्याबद्दल सुरक्षा विभागाशी गुपचूप बोलता येईल अशी सोय हवी, पीआयला सांगायच्या आधी. आणि मग 'तू आता या प्रोजेक्टमधून बाहेर' असं नाही, जी धोक्याची पायरी असेल तेवढीच दुसऱ्याने करायची, प्रोजेक्ट तिचाच, पेपरवर जागा तिचीच, हे लेखी. दूध काढायला स्वच्छ, आतून कडी लागणारी खोली हवी, टॉयलेट नको, कोल्ड रूम तर अजिबात नको.

वेळेचं बघा. रविवारी पेशींचं मीडियम कोण बदलतं? उंदरांना सलग एकवीस दिवस डोस द्यायचा असतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी कोण येतं? बहुतेक वेळा जो एकटा आहे, किंवा ज्याचा व्हिसा पीआयच्या हातात आहे, किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही तो. रोटा भिंतीवर लावा, पीआयचं नावही त्यात घाला, वेगवेगळ्या धर्मांच्या सणांना अदलाबदल करता येईल असं ठेवा. लॅब मीटिंग संध्याकाळी सहाला ठेवणं म्हणजे ज्याला मूल आणायला जायचंय त्याला दर आठवड्याला अपराधी वाटायला लावणं. ऑर्डर देणं, मिनिट्स लिहिणं, वाढदिवसाचा केक, नवीन मुलांना शिकवणं, ही कामं कोण करतं तेही लिहून काढा. यादीत बायकांची नावं जास्त आली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, पाळीपाळीने वाटून टाका.

कॅन्सर सेंटरची म्हणून एक खास गोष्ट आहे जी कुठल्याही तयार पॉलिसीत नसते. तुमच्या स्टाफमध्ये स्वतः कॅन्सरमधून गेलेली माणसं असतात, कोणाच्या घरात आत्ता पेशंट असतो. त्यांच्यासाठी रोजचं काम साधं नसतं, जो ट्यूमर आईला होता त्याचेच स्लाइड दिवसभर बघायचे. थकवा आणि विसरभोळेपणा उपचारानंतर कितीतरी महिने राहू शकतो, तेव्हा परत येताना कमी तास, काही काळ दुसरा प्रोजेक्ट, याची विचारणा मॅनेजरने करायची, माणसाला मागायला लावायचं नाही. आणि तुमच्याच हॉस्पिटलमध्ये उपचार घेणाऱ्या सहकाऱ्याची फाइल कोणी कुतूहलाने उघडत नाही ना, याची तपासणी ठेवा.

वर जायचा रस्ता

सक्तीचं ट्रेनिंग एकदा करून टाकलं की झालं, असं वाटत असेल तर तसं नाहीये. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी कंपन्यांचा अनेक वर्षांचा डेटा बघितला, सक्तीच्या ट्रेनिंगने वरच्या पदांवरची विविधता फारशी वाढली नाही, काही गटांची तर घटली. उपयोग झाला तो मेंटॉरिंगचा, आणि कोणीतरी उत्तरदायी असण्याचा. मेंटॉर सल्ला देतो, पण तेवढ्याने भागत नाही, जिथे तुम्ही नसता त्या खोलीत तुमचं नाव पुढे करणारा कोणीतरी लागतो. प्रत्येक सिनियर पीआयला वर्षातून एकदा विचारा की तुम्ही कोणाचं नाव कशासाठी सुचवलंत, आणि उत्तर लिहून घ्या.

टेक्निशियन, ॲनिमल हाउसचा स्टाफ, डेटा एंट्रीवाले, हिस्टोपॅथची माणसं, बहुतेक सेंटरमध्ये खरी विविधता याच थरात असते आणि नेमका याच थराला वरचा रस्ता नसतो. त्यांच्यासाठी बढतीच्या पायऱ्या बनवा, कोर्सला पैसे आणि वेळ द्या. पेपरवर नाव द्यायची वेळ आली की नियम आधी वाचा, वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आयसीएमजेई या समितीचे निकष आहेत, कोणी कुठलं काम केलं ते नोंदवायची क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी आहे, कोणी काय केलं ते प्रोजेक्ट सुरू होतानाच त्यात भरायचं. पेपर पाठवायच्या आदल्या रात्री ऑथरशिप ठरवली की ज्याचा आवाज मोठा तो पहिला.

आणि प्रमोशनला कुठलं सायन्स 'मोठं' धरता तेही बघा. २०११ मध्ये डोना गिंथर यांच्या अभ्यासात दिसलं की अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची ग्रँट मिळण्याची शक्यता कृष्णवर्णीय अर्जदारांना गोऱ्यांपेक्षा १० टक्के पॉइंटने कमी होती, शिक्षण, अनुभव वगैरे हिशोबात धरूनही. २०१९ मध्ये पुढचा अभ्यास आला, त्यात या फरकाचा एक भाग विषयाच्या निवडीतून येतो असं निघालं, म्हणजे वस्त्यांमध्ये, समाजात जाऊन करायचे विषय कृष्णवर्णीय अर्जदार जास्त निवडतात आणि त्या विषयांना पैसा कमी मिळतो. तुमच्याकडेही स्क्रीनिंगला बायका का येत नाहीत यावर काम करणाऱ्याला आणि नवीन काइनेज (पेशीतलं एक एन्झाइम) शोधणाऱ्याला एकाच पट्टीने मोजत असाल तर ही गळती तुमच्याच घरात आहे.

तक्रार

पीआयच्या हातात थिसिस, शिफारसपत्र, व्हिसा, पगार सगळं असतं, त्यामुळे 'तक्रार पेटी ठेवली आहे' याला काही अर्थ नाही. निदान दोन रस्ते हवेत, एक विभागाच्या बाहेरचा, आणि एक असा जिथे औपचारिक तक्रार न करता नुसती नोंद ठेवता येते, म्हणजे एकाच लॅबबद्दल तिसरी नोंद आली की कोणीतरी बघेल. तक्रार करणाऱ्याला लॅब बदलायची असेल तर फंडिंग त्याच्याबरोबर जायला हवं, नाहीतर शिक्षा त्यालाच. पीआय ग्रँट आणतो म्हणून सांभाळून घ्यायचं हा हिशोबही आता तितका चालत नाही, संशोधनाला पैसा देणाऱ्या ब्रिटनच्या वेलकम या संस्थेने २०१८ पासून छळ आणि दादागिरीच्या प्रकरणांची माहिती संस्थांकडून मागायला सुरुवात केली आणि फंडिंग थांबवायचा अधिकार स्वतःकडे ठेवला.

हे काम करणाऱ्यांचं काय

कमिटीवर बसणारी माणसं नेहमी तीच असतात, ज्यांना आधीच त्रास होतोय ती. त्यांना या कामाचे तास द्या, शिकवण्यातून किंवा इतर कमिट्यांतून तेवढी सूट द्या, आणि प्रमोशनच्या फॉर्मवर याचा रकाना ठेवा. बजेटला स्वतःचं हेड हवं, उरलेल्या पैशातून केलं की कधीच उरत नाही. आकडे दर वर्षी त्याच महिन्यात, सगळ्या स्टाफसमोर, वाईट असले तरी दाखवा, आणि मागच्या वर्षी काय करू म्हटलं होतं तेही शेजारीच लिहा.

डायरेक्टर बदलला की असे कार्यक्रम गुंडाळले जातात, म्हणून यातलं जे जे जमलं ते एसओपीमध्ये (कामाच्या लेखी ठरलेल्या पद्धतीत) घाला, बायोसेफ्टीचं असतं तसंच: कुठलं पद जबाबदार, पुढची तपासणी कुठल्या तारखेला, आणि नाही केलं तर कोणाला कळवायचं.